काळ्या सुटाचा वास

मला पोहता येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. तरी माझ्या नोकरीतली सात वर्षं पाणबुड्यांचे कपडे धुण्यात, वाळवण्यात आणि नाकाला लावून तपासण्यात गेली.

नवरा आजारपणात गेला, त्यानंतर दोन वर्षांनी अनुकंपेवर मला गोंदियात जिल्हाधिकारी कार्यालयात कारकुनाची नोकरी मिळाली. जिल्हा नवा होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. आधी मी आवक-जावक सांभाळायचे. मग भांडाराचं काम पाहणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि बचाव पथकाच्या साहित्याचा चार्ज माझ्याकडे आला. कार्यालयाच्या मागं टिनाचं छप्पर असलेली एक खोली होती. तिच्यात दोरखंड, नारंगी जाकिटं, हवा भरायची रबरी होडी, ताडपत्र्या, भोंगे असं सामान होतं.

चार्ज देताना त्या गृहस्थांनी दारातच नाकाला रुमाल लावला.

"बाकी सगळं मोजून घ्या," ते म्हणाले. "ते कोपऱ्यातलं मोजू नका. दोनच आहेत. मी लिहून देतो."

कोपऱ्यात दोन मोठ्या पिशव्या होत्या. खोल पाण्यात उतरायचा सगळा संच त्यांच्यात होता: काळे रबरी सूट, बूट, चष्मे, तोंडात धरायच्या नळ्या, पाठीवरची फुगणारी जाकिटं. हवेच्या टाक्या शेजारी भिंतीला टेकवलेल्या होत्या. मी पिशवीची चेन जेमतेम वीतभर उघडली आणि लावून टाकली. गोठ्याचा कोपरा, ओल्या बुटातले मोजे, डब्यात चार दिवस विसरलेली भाजी, सगळं एकत्र केलं तर जवळपास जाईल असा तो वास होता. त्यावर फिनाईलही ओतलेलं होतं, म्हणजे वासात वास. पिशवीखाली डांबराच्या गोळ्या टाकलेल्या होत्या आणि दाराच्या चौकटीला कुणीतरी लिंबू-मिरची टांगली होती.

लिंबू-मिरची कशाला, ते शिपायानं सांगितलं. "मॅडम, तो मढ्याचा वास आहे."

ही गोष्ट तिथं सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्या आदल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या तलावात एक माणूस बुडाला. तिसऱ्या दिवशी आमच्या पाणबुड्यानं हा सूट घालून त्याला वर काढलं. सूट तसाच ओला पिशवीत भरला गेला. पुढच्या वेळी पाणबुड्यानं नळी तोंडात धरली आणि लगेच थुंकून टाकली. सूट उतरवून ठेवला नि नुसत्या लंगोटीवर पाण्यात गेला. त्या दिवसापासून त्यानं त्या सामानाला हात लावला नव्हता.

हा पाणबुड्या म्हणजे नवेगावबांधकडचा एक ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांतला. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं बारीक, बोलायला कमी. सगळे त्याला काकाजी म्हणत, मीही म्हणू लागले. कोकणातून आलेल्या एका निवृत्त नौसैनिकानं महिनाभर शिकवून दोघांना तयार केलं होतं. त्यातल्या दुसऱ्याला बाहेर नोकरी लागली, तो निघून गेला. उरले काकाजी एकटे. बोलावणं गेलं की यायचे, पाण्यात उतरायचे, गावी परत जायचे.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहताच सांगितलं, "मढ्याचा वास येते बाई त्याले. नाही घालत मी."

"पण काकाजी, खोल पाण्यात हवेशिवाय किती वेळ राहाल?"

"माया बाप राहे, आजा राहे. मी बी राहीन."

साहेबांनी मला बोलावून घेतलं. ते पुण्याकडचे, कमी बोलणारे आणि कामाचे. म्हणाले, "मॅडम, तो वास जात नाही, वापरणारा वापरत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करा. दोन्ही संच मोडीत काढू."

मी हो म्हणायला हवं होतं. पण त्या खोलीत रोज मला बसायचं होतं. माझ्या साडीला तो वास लागत होता. कुडव्याला घरी गेले की सासूबाई दारातच म्हणत, "काऊन वो, कायचा वास येऊन राहिला तुह्या लुगड्याले?" आणि दुसरं असं, की मी आयुष्यभर कपडे धुतले होते. बाळंतिणीचे, आजाऱ्याचे, नवऱ्याच्या शेवटच्या तीन महिन्यांतले. धुऊन न निघणारा वास मला मान्य नव्हता.

"सर, पंधरा दिवस द्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "द्या काय, घ्या. पण पथकातलं कुणी हात लावणार नाही, सांगून ठेवतो."

कुणी लावलाही नाही. मी घरून जुनी साडी आणली, पदर खोचला आणि आधी चुका केल्या. सूट कडक साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. ब्रशनं घासला. फिनाईलचा वास मारायला परत फिनाईलच वापरलं. आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकला, कारण ऊन लागलं की सगळे वास जातात असं मला वाटत होतं. संध्याकाळी पाहिलं तर एका सुटाच्या कोपराजवळ रबर पांढुरकं पडून कडक झालं होतं. वास मात्र उन्हानं तापून दुप्पट झाला होता. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं हात जोडले, "मॅडम, कुछ भी करो, बस ये ऊपर मत सुखाओ."

तेव्हा मला प्रशिक्षणाची फाईल आठवली. तिच्यात कोकणातल्या त्या गुरुजींचा फोन नंबर होता. मी साहेबांच्या परवानगीनं कार्यालयातून फोन लावला. पलीकडे भरदार आवाज. मी ओळख सांगितली, अडचण सांगितली, मढ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "वास सुटाच्या बाहेरून येतो की आतून?"

"आतून. बाहेरून कमी."

"जास्त कुठं?"

"बुटांत," मी म्हटलं. आणि थोडं थांबून, "सुटाच्या... खालच्या भागात."

ते हसले. चेष्टेनं नाही, ओळखीचं माणूस दिसावं तसे. "बाई, मयताला हात लागतो तो बाहेरून. आतून वास येतोय ना? मग आत कोण होतं?"

माझी कानशिलं तापली. शेजारच्या टेबलावर दोघं जण बसले होते. मी फोन घट्ट कानाशी धरला.

"लाजू नका," ते म्हणाले. "मी पहिल्यांदा काळ्या पाण्यात उतरलो, हाताला काय लागतंय ते दिसत नव्हतं, तेव्हा माझंही सुटात झालं होतं. थंडीनं होतं, भीतीनं होतं. नाही म्हणणारा पाणबुड्या मी अजून पाहिला नाही. त्यात दिवसभराचा घाम, त्यात तलावाचं पाणी. ते रबर स्पंजासारखं असतं. तसंच ओलं गुंडाळून ठेवलं की आत कुजतं. दोष माणसाचा नाही, न धुण्याचा आहे. लिहून घ्या."

मी आवक वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ऊन नको, कडक साबण नको, गरम पाणी नको, फिनाईल तर मुळीच नको. सूट उलटा करायचा, आतली बाजू बाहेर. चांगल्या पाण्यातून दोनदा काढायचा. मग कोमट पाण्यात व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवायचा, परत साध्या पाण्यातून काढायचा. शेवटी लहान मुलांच्या शाम्पूनं हातानं दाबून धुवायचा, पिळायचा नाही. सावलीत, वाऱ्यावर, जाड खांद्यांच्या हँगरवर टांगायचा. आतून वाळला की सुलटा करून बाहेरून वाळवायचा.

"आणि नळीचं तोंड सोडवून घासा," शेवटी ते म्हणाले. "ओकारी त्यानं येते."

व्हिनेगर गोंदियात कुठं मिळतं मला माहीत नव्हतं. चायनीजच्या गाडीवर बाटली पाहिली होती, म्हणून त्यालाच विचारलं. त्यानं बाजारातलं एक दुकान सांगितलं. दुकानदारानं विचारलं, "सिरका? पाँच लीटर? दीदी, होटल खोल रही हो क्या?"

"नहीं भैया, कपडे धोने हैं," मी म्हटलं.

पुढचे सहा दिवस मी रोज दुपारी टिनाच्या खोलीमागं नळाजवळ टब मांडून बसले. पहिल्या दिवशी सुटातून निघालेलं पाणी पावसाळी नाल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी चहासारखं, चौथ्या दिवशी नुसतं गढूळ. बूट तीनदा बुडवावे लागले, मग त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रोज बदलले. फुगणाऱ्या जाकिटाच्या आतही पाणी जातं हे मला गुरुजींनी सांगितल्यावरच कळलं. नळीतून आत पाणी घातलं, हलवलं, उलटं धरलं, तर हिरवी धार आली आणि तिच्यात शेवाळाचे तुकडे. तोंडात धरायचा तो रबरी तुकडा सोडवला तेव्हा त्याच्या खाचेत काळी बुरशी होती. दातांच्या जुन्या ब्रशनं ती काढताना माझ्या मनात आलं, हे तोंडात धरून कुणी पाण्याखाली गेलं असेल तर ओकारी यायला मढं कशाला लागतं?

हँगरचे खांदे जाड हवेत म्हणून बांबूच्या तुकड्यांना जुन्या गोधडीचं कापड गुंडाळलं आणि सूट व्हरांड्यात टांगले. दोन काळी माणसं हवेत झुलताहेत असं दुरून दिसायचं. सातव्या दिवशी सिरक्याचाही वास उडाला. मी दार लावून घेतलं, सुटाच्या गळ्यात डोकं घातलं आणि खोल श्वास घेतला. नव्या सायकलच्या ट्यूबसारखा वास. बस, तेवढाच.

मी काकाजींना निरोप पाठवला.

ते आले, पण उंबऱ्याच्या आत येईनात. मी सूट त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान फिरवली.

"येते," ते म्हणाले.

"काय येते?"

"वास. येते अजून."

मी सूट परत नाकाला लावला. काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच येत होता. मला गुरुजींचं बोलणं ठाऊक होतं, पण पन्नाशीच्या माणसाला मी, त्याच्या मुलीच्या वयाची बाई, ते कसं सांगणार? आणि व्हरांड्यात शिपाई उभे होते.

म्हणून मला जे सुचलं ते केलं. "थांबा जरा," म्हटलं आणि दार आतून लावलं. साडी काढून नुसत्या परकर-पोलक्यावर तो सूट घालणं जमेना. परकर आत मावेना. शेवटी खोलीत पडलेली पथकाची एक खाकी पँट आणि शर्ट चढवला, त्यावर सूट ओढला. अर्धा तास गेला असेल. बाह्या हातापुढं लोंबत होत्या, गुडघ्यावर रबराच्या घड्या पडल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवला, ती नळी तोंडात धरली आणि दार उघडलं.

एक शिपाई हातातला चहा सांडून मागं सरला. काकाजी माझ्याकडे बघतच राहिले. मी नळीतून दोनदा श्वास घेतला, तोंडातून काढली आणि म्हटलं, "काकाजी, मला तर नाही येत वास. तुम्ही जवळ येऊन सांगा."

आधी त्यांचे खांदे हलले. मग ते खाली पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. शिपाईही हसले आणि दुसऱ्या चहाच्या निमित्तानं निघून गेले. मी सूट घालूनच काकाजींच्या शेजारी पायरीवर टेकले, कारण एकटीला तो काढता येत नव्हता.

मग मी समोर बघत म्हटलं, "कोकणातल्या गुरुजींशी बोलले मी. ते म्हणाले, पहिल्यांदा काळ्या पाण्यात गेले तेव्हा त्यांचंही सुटात झालं होतं. सगळ्यांचं होतं म्हणे. म्हणूनच तो धुवायचा असतो."

काकाजी जमिनीवर बोटानं रेघा ओढत होते. बोट थांबलं.

"तेनं सोता सांगतलं?"

"स्वतः."

"तो तं समुद्रातला मानूस."

"समुद्रातलाच."

मग त्यांनी सांगितलं. तलावाच्या तळाशी काहीच दिसत नव्हतं. ते हातानं चाचपत होते. एकदम त्या माणसाचा हात त्यांच्या मनगटावर आला. आला म्हणजे गाळ हलल्यानं आला असेल, पण त्यांना वाटलं, धरलं. लहानपणापासून पाण्यात वाढलेला माणूस, पण तेव्हा त्यांचं अंग त्यांचं राहिलं नाही. वर येऊन ते कुणाला काही बोलले नाहीत. सूट घाईनं पिशवीत कोंबला. पुढच्या खेपेला पिशवी उघडली तेव्हा वास आला आणि पथकातल्या कुणीतरी म्हटलं, मढ्याचा आहे. काकाजींनी हो म्हटलं.

"वास त्याचा नोहोता बाई," ते म्हणाले. "वास माया होता. मेलेल्या मानसावर घातलं म्या. त्याची बायको रडून राहिली होती तिकडे, आन् इकडे सगळे त्याच्याच वासाचं बोलून राहिले होते. मले सूट पाह्यला का तेच आठोते."

आजारी नवऱ्याची चादर बदलताना तो तोंड भिंतीकडे करायचा, ते मला आठवलं. मी एवढंच म्हटलं, "धुतलं की गेलं, काकाजी. मला ते धुताना काहीच वाटलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग उठून माझ्या पाठीवरची चेन खाली ओढून दिली. मी आत जाऊन सूट उतरवून आणला, तो त्यांनी माझ्या हातून घेतला. नाकाशी नेला आणि स्वतःच व्हरांड्यातल्या बांबूवर टांगला.

साहेबांना मी सांगितलं, तलावाच्या गाळाचा वास होता, मढ्याचा नव्हताच. त्यांनी सूट हुंगून पाहिला आणि प्रस्तावाचा कागद माझ्यासमोर फाडला. दाराची लिंबू-मिरची मीच काढली. भिंतीवर एक कागद चिकटवला: पाण्यातून वर आल्यावर सूट आतून-बाहेरून धुतल्याशिवाय पिशवीत भरू नये. खाली कारण लिहिलं नव्हतं.

त्या सुटांनी पुढं सहा वर्षं काम दिलं. त्यातलं एकच सांगते.

त्याच वर्षी शिंगाड्याच्या हंगामात एका बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, एक माणूस बुडाला. शिंगाडे तोडताना डोंगा उलटला आणि तो वेलांच्या जाळ्यात गेला. नुसत्या दमावर उतरलं तर उतरणाराही वेलांत अडकायचा, म्हणून सूट आणि टाकी लागणार होती. जीपमधून सामानाबरोबर मीही गेले. काठावर सगळं गाव उभं होतं. काकाजींनी सूट चढवला. नळी तोंडात धरण्याआधी ते क्षणभर थांबले, मी पाहत होते. मग त्यांनी ती धरली आणि पाण्यात गेले. कमरेला चाकू होता, पाठीमागून आमच्या लोकांनी दोर सोडला होता. हिरव्या पानांखालून बुडबुडे सरकत होते, तेवढाच त्यांचा पत्ता. बुडबुडे एका जागी थांबले, बराच वेळ थांबले. मग दोराला दोन झटके बसले, सापडल्याची खूण.

त्यांनी त्या माणसाला हळू वर आणलं. पायाचे वेल एकेक करून पाण्यातच कापले होते, त्यामुळे अंगावर ओढल्याची खूण नव्हती. घरच्यांच्या हाती देऊन ते बाजूला झाले. बायका रडू लागल्या.

काकाजी सरळ बोडीच्या काठावरच्या हापशीकडे गेले. सूट उतरवला, आतली बाजू बाहेर केली. मी दांडा मारू लागले, ते धारेखाली सूट धरून हातानं दाबत होते. मला धाप लागली होती. एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी आली. ती त्या माणसाची आई, हे मला नंतर कळलं. तिनं माझा हात दांड्यावरून काढला आणि स्वतः हापशी मारू लागली.

"राहू द्या माय," काकाजी म्हणाले.

"धू ना बाबू," ती म्हणाली. "चांगला धू. उद्या कोनाले लागंल."

त्यांनी सूट दोन्ही बाजूंनी धुतला. पाणी स्वच्छ येईपर्यंत ती दांडा मारत राहिली.